सात दिवसांच्या बोलीवर पासवर्ड

वाचनालयात आठ कॉम्प्युटर आले, तेव्हा ग्रंथपालांनी सगळ्यांत आधी ते दाखल नोंदवहीत चढवले. दारातून आत आलेल्या प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक मिळायलाच हवा, मग ती कादंबरी असो की केरसुणी, हा त्यांचा एकोणतीस वर्षांचा शिरस्ता होता. अडचण शिक्क्याची आली. पुस्तकावर शिक्का तीन ठिकाणी बसतो: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि चोराला कळू नये म्हणून सतराव्या पानावर. कॉम्प्युटरला सतरावं पान नव्हतं. ग्रंथपालांनी दोन दिवस विचार केला आणि गुप्त शिक्का माउसच्या पोटावर मारला. कीबोर्डांना त्यांनी खाकी कागदाची कव्हरंही घातली होती, पण जोडणीला आलेल्या टेक्निशियनने ती काढायला लावली.

"काका, अक्षरं दिसायला नकोत का?"

मुद्दा ग्रंथपालांना पटला, पण आठवं कव्हर घालून झाल्यावर.

कॉम्प्युटर फुकट आले होते, तरी त्यांच्याबरोबर एक पत्र होतं. तीन महिन्यांच्या अखेरीस किमान चाळीस नागरिकांनी, तपासणी अधिकाऱ्यांसमक्ष, स्वतःच्या खात्यात शिरून, कोणाचीही मदत न घेता पालिकेचा एक तरी अर्ज ऑनलाइन भरून दाखवावा. अन्यथा सदर केंद्र बंद करून सदर दालन भांडार विभागाकडे वर्ग करण्यात येईल. सदर दालन म्हणजे वाचनकक्ष. भांडार विभाग म्हणजे मोडक्या खुर्च्या, फुटके दिवे आणि 'काम चालू आहे'च्या पाट्या. दालनातल्या एकवीस हजार पुस्तकांचं काय, हे पत्रात नव्हतं. ग्रंथपालांनी फोन करून विचारलं, तेव्हा पलीकडच्या कारकुनाने आपुलकीने सांगितलं, "काळजी करू नका, पोती आम्ही देऊ."

ज्या माणसाने पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्याशी आयुष्यभर अबोला धरला, त्याला पोत्यांचं आश्वासन म्हणजे फारच झालं. ग्रंथपालांनी कंबर कसली. पाटी रंगवली, वर्ग जाहीर केला, आणि मग आपल्याला कॉम्प्युटर येत नाही ही गोष्ट त्यांनी विचारात घेतली.

तसं त्यांना तासाभराचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यात त्यांनी कुठलंसं एक बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. टेक्निशियनने एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा ग्रंथपालांच्या जिव्हारी लागला. त्या दिवसापासून त्यांनी यंत्राला हात लावला नाही. त्याऐवजी त्यांनी बरोबर आलेली बावन्न पानांची माहितीपुस्तिका वाचली. वाचणं हा त्यांचा प्रांत. चार दिवसांत ती त्यांना तोंडपाठ झाली. कुठल्या पानावर छपाईची चूक आहे, तेही.

मग ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, हातात लाकडी पट्टी धरून, आठ खुर्च्यांच्या मागून फिरू लागले. "उजवीकडे. वर. तिथे एक बाण दिसेल. दिसला? आता दोनदा टिचकी. घाई नको. हात थरथरू दे, माउस थरथरायला नको." आवाजात अशी खात्री की समोरच्याला वाटावं, या गृहस्थांनी हयात यात घालवली. लोक त्यांना इतकी वर्षं 'भाऊ' म्हणायचे, ते आता 'सर' म्हणू लागले. ही बढती त्यांना मनातून आवडली होती, आणि म्हणूनच खरं सांगणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीला तेवढा संशय आला होता. ती दुपारच्या सुट्टीत फोन करायची.

"बाबा, तुम्ही स्वतः बसता ना कॉम्प्युटरवर?"

"बसतो की." हे खरं होतं. फोन घेताना ते चार नंबरच्या खुर्चीवरच बसत.

"तुमचं स्वतःचं खातं उघडलंत?"

"अगं, इथे लोकांची खाती उघडता उघडता जेवायला फुरसत नाही."

"म्हणजे नाही उघडलंत."

"ठेवतो. कुणीतरी आलंय."

कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा इस्त्रीवाली मावशी. कोपऱ्यावर तिची टपरी. वर्गातली ती पहिली विद्यार्थिनी, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत हुशार. बाकीचे लोक माउस झुरळ पकडल्यासारखा धरत. मावशीने पहिल्याच दिवशी तो असा सरकवला की बाण पडद्यावरून घडी न मोडता गेला. "इस्त्रीच आहे की ही," ती म्हणाली. "दाबायची नाही, फिरवायची. आणि एका जागी ठेवून द्यायची नाही, जळेल." ग्रंथपालांनी हे वाक्य लगेच आपल्या व्याख्यानात घेतलं. मावशीने काही ते परत मागितलं नाही.

वर्ग बरा चालला होता. घोडं अडलं ते पासवर्डपाशी.

माहितीपुस्तिकेच्या पान अठरावर स्पष्ट होतं: पासवर्ड स्वतःचा स्वतः ठरवावा आणि लक्षात ठेवावा. ठरवायला कुणाची ना नव्हती. लक्षात ठेवण्याच्या बाबतीत मात्र दुसऱ्या दिवशी एकोणतीसपैकी सत्तावीस जणांनी हात वर केले. उरलेल्या दोघांपैकी एक गैरहजर होता. दुसरे पेन्शनर काका. त्यांना आठवत होता, पण तो पासवर्ड घराच्या कुलपाचा निघाला.

यावर ग्रंथपालांना जो उपाय सुचला, तो ग्रंथपालालाच सुचू शकतो. गोष्टी फार आहेत, लक्षात राहत नाहीत, वेळेवर सापडत नाहीत. मग त्यांची तालिका करा. वाचनकक्षाच्या भिंतीला कार्डांचं जुनं सागवानी कपाट होतं, साठ खणांचं. त्यातला एक खण त्यांनी रिकामा केला. प्रत्येक सभासदाचं एक कार्ड. वर नाव, खाली पासवर्ड, कोपऱ्यात वर्ग क्रमांक. नुसत्या नावांवरून मांडणी करणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून त्यांनी पासवर्डांचं विषयवार वर्गीकरणही केलं: व्यक्तिनामे, प्राणी, गाड्यांचे नंबर आणि संकीर्ण. संकीर्णात न्हाव्याचा पासवर्ड होता, तीन अक्षरं आणि पाच आकड्यांचा, ज्याचा अर्थ त्याने कुणालाच सांगितला नाही.

मग नियम आले. कार्ड घरी न्यायचं असेल तर वहीत सही करावी. मुदत सात दिवस. एका वेळी एकच पासवर्ड मिळेल. कार्डावर पेनाने खुणा करू नयेत.

"सर, माझं कार्ड कुठे गेलं?" एके दिवशी न्हावी विचारायला आला.

"बाहेर आहे. शिंपीकाकांनी नेलंय."

"माझा पासवर्ड त्यांनी कशाला नेला?"

"त्यांचा स्वतःचा त्यांच्या सुनेकडे आहे. आणि तुझा चांगला आहे म्हणतात. त्याच्यासाठी तीन मागणीचिठ्ठ्या आहेत अजून." ग्रंथपालांनी चिठ्ठ्या पाहिल्या. "तुझा नंबर चौथा."

न्हाव्याची छाती जरा फुगली. आपलं काहीतरी वाचनालयात इतक्या मागणीचं असेल, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.

पेन्शनर काकांच्या घरी मात्र कार्डाने कहर केला. घराच्या कुलपाचा आकडा काढून टाकून त्यांनी मोठ्या प्रेमाने काकूंचं नाव आणि लग्नाचं साल असा पासवर्ड ठेवला होता. काकू सहज खण चाळायला आल्या. खण चाळणं हा आता वाचनकक्षातला वर्तमानपत्राच्या खालोखाल लोकप्रिय छंद होता. त्यांनी कार्ड काढलं, चष्मा लावला आणि साल वाचलं.

"एक वर्षाने चुकलंय," त्या म्हणाल्या आणि वहीत सही करून कार्ड घरी घेऊन गेल्या.

त्यानंतर त्या काकांशी अकरा दिवस बोलल्या नाहीत. अकरा दिवसांत कार्डाची मुदत टळून गेली, आणि त्यामुळे लागू झाला शेवटचा नियम.

दंड घेणं ग्रंथपालांना पसंत नव्हतं. पण फाटलेलं, हरवलेलं, मुदतीत न आलेलं पुस्तक ते नोंदवहीत लाल शाईने 'बाद' करत. तोच कायदा त्यांनी इथे लावला. कार्ड उशिरा आलं किंवा हरवलं, की तो पासवर्ड बाद. मग सभासदाने यंत्रावर बसायचं, 'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारायची, मोबाइलवर आलेला आकडा वाचून भरायचा, नवा पासवर्ड ठरवायचा, बाहेर पडायचं, पुन्हा आत शिरून दाखवायचं आणि मगच नवं कार्ड लिहायचं. वाचनालयाच्या सभासदांना वस्तू वेळेवर परत करायची सवय नसते, हे एकोणतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना माहीत होतं. ती सवय कॉम्प्युटरने बदलली नाही. दर आठवड्याला पंधरा-वीस पासवर्ड बाद होत होते. शिंपीकाकांचे एकट्याचे नऊ झाले.

"सर, शिक्षा म्हणून दोन ओळी लिहायला सांगा, पण हे नको," ते कुरकुरत.

"नियम म्हणजे नियम," ग्रंथपाल म्हणत आणि पट्टी पाठीमागे धरून पुढच्या खुर्चीकडे जात.

तीन महिने भरता भरता खणात बरोबर चाळीस कार्डं झाली. शेवटचं घड्याळजींचं.

तपासणीच्या दिवशी ग्रंथपालांनी इस्त्रीचा शर्ट घातला, इतिहास विभागातल्या गळतीखालची बादली (दाखल क्रमांक चौदा हजार दोनशे सहा) रिकामी करून आणली आणि सभासद मोजले. एकोणचाळीस. पुन्हा मोजले. एकोणचाळीस.

"घड्याळजी कुठायत?"

"त्यांना दवाखान्यात नेलं ना सकाळीच," मावशी म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन. कधीपासून तारीख मिळत नव्हती, ती आजची मिळाली."

ग्रंथपाल तिसऱ्यांदा मोजू लागले. तेवढ्यात तपासणीस बाई आल्याच. वय लेकीएवढं, खांद्यावर मोठी बॅग, आणि सहाव्या केंद्राची तपासणी करणाऱ्या माणसाचा चेहरा.

"सर, सुरू करू या. सगळ्यांना आपापले पासवर्ड माहीत आहेत ना?"

"पासवर्डांची काळजीच नको मॅडम," ग्रंथपाल म्हणाले. घड्याळजींचा विषय जेवढा लांबेल तेवढा बरा, म्हणून ते त्यांना थेट कपाटाकडे घेऊन गेले आणि अभिमानाने खण ओढला. "अद्ययावत आहेत. विषयवार."

बाईंनी एक कार्ड उचललं. मग दुसरं. मग त्या खाली बसल्या.

"हे सगळ्यांचे... सगळ्यांना दिसतात?"

"छे छे. गुप्त आहे सगळं. खणाला कुलूप आहे."

"आणि किल्ली?"

ग्रंथपालांनी खणाशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. किल्ली खिळ्याला होती. तिला 'पासवर्ड खण' अशी चिठ्ठीही बांधलेली होती.

"सर, हा एकच पासवर्ड बऱ्याच कार्डांवर दिसतोय. कितीजणांनी वापरलाय?"

"सोळा," न्हावी मागून उत्साहाने म्हणाला.

इतिहास विभागात, बादलीत, टप् असा एक आवाज झाला.

बाईंनी डोकं धरलं. "मी हे असं पास करू शकत नाही. यातल्या कुठल्याच खात्याला काही अर्थ नाही. नाइलाज आहे. प्रत्येकाने आत्ता, माझ्यासमोर, नवा पासवर्ड ठेवायचा. कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. मग त्या पासवर्डने शिरायचं आणि अर्ज भरायचा. दोन वाजता मला पुढच्या केंद्रावर जायचंय." त्यांनी घड्याळात पाहिलं, आणि आवाज थोडा मऊ झाला. "मागच्या केंद्रात मी फक्त पासवर्ड बदलायला सांगितला, तर दिवस गेला. दोघीजणी रडल्या. तुमचं वाईट वाटतं मला, खरंच."

ग्रंथपालांना पोती दिसू लागली.

"एवढंच ना?" शिंपीकाका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांनी टिचकी मारली, खिशातून मोबाइल काढला, आकडा वाचला, भरला, तोंडाने पुटपुटत काहीतरी टाइप केलं, बाहेर पडले, परत आत शिरले आणि वळून म्हणाले, "झालं. अर्ज कुठला भरू?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. दीड मिनिट झालं होतं.

आठ खुर्च्या भरल्या, रिकाम्या झाल्या, पुन्हा भरल्या. न्हाव्याने बदलला. काकूंनी बदलला, आणि काकांकडे न बघता "यंदा बरोबर घाला" एवढंच म्हणाल्या. मावशीने तर डावा हात कमरेवर ठेवून, एका दमात, कडेची चुणीसुद्धा न पडू देता काम उरकलं. कुणी पाण्याच्या नळाचा अर्ज केला, कुणी दिव्याच्या खांबाचा, काकांनी ज्येष्ठत्वाच्या दाखल्याचा.

"यांना हे इतकं कसं येतं?" बाईंनी हळूच विचारलं. "आमच्या कचेरीत निम्म्या लोकांना येत नाही."

"शिक्षा झालीय आम्हाला," शिंपीकाका म्हणाले. "माझी दहावी वेळ."

सव्वा वाजता बाईंनी यादीवर शेवटची खूण केली. "एकोणचाळीस." त्यांनी पान उलटून पाहिलं. "एक कमी आहे."

मावशीने घड्याळजींचं सांगितलं. बाईंनी मान हलवली. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण फॉर्मवर आकड्यांसाठी चौकट होती आणि वाईट वाटण्यासाठी नव्हती. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, सरांचं आहेच की! केंद्रचालकही नागरिकच. सर, तुमच्या खात्यावरून एक अर्ज भरा, चाळीस झाले."

सगळे हसले. सुटलो, असं हसले. एक मावशी तेवढी हसली नाही. तिची नजर ग्रंथपालांच्या हातांवर होती. ते अजूनही पाठीमागेच बांधलेले होते.

ग्रंथपालांच्या मनात तीन सबबी आल्या. तिन्ही बऱ्या होत्या. मग त्यांनी एकवीस हजार पुस्तकांकडे पाहिलं.

"मला खातं नाही," ते म्हणाले. "मी यंत्राला कधी हात लावलेला नाही."

"काय?" न्हावी म्हणाला. "मग आम्हाला शिकवलं कुणी?"

"पुस्तकाने."

मावशी पुढे झाली, ग्रंथपालांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि चार नंबरची खुर्ची दाखवली.

"बसा. टेलिफोनवर बोलायला बसता तसं नाही. नीट बसा."

ते बसले. त्यांनी माउसवर हात ठेवला. बाण पडद्याच्या कडेला पळाला आणि दिसेनासा झाला.

"हात थरथरू दे," मावशी मागून गरजली, "माउस थरथरायला नको!"

"मावशी, मदत करायची नाहीये," बाई म्हणाल्या.

"मदत कोण करतंय? रागवतेय मी. दाबू नका! इस्त्री आहे ती, फिरवा!"

बाण परत आला. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. नाव. पत्ता. मोबाइल नंबर. एकेक अक्षर ते कीबोर्डवर असं शोधत होते, जसं कुणी चुकीच्या खणात गेलेलं कार्ड शोधतं. पण शोधत होते आणि सापडत होतं. दीड वाजला. पावणेदोन वाजले. पडद्यावर चौकट आली: पासवर्ड ठरवा.

ग्रंथपालांनी मागे पाहिलं. एकोणचाळीस लोक वाकून बघत होते.

"पाठी करा रे!" मावशीने पट्टी आपटली.

एकोणचाळीस जणांनी भिंतीकडे तोंडं केली. तपासणीस बाईंनीही केलं. त्या शांततेत ग्रंथपालांनी आयुष्यातला पहिला पासवर्ड ठरवला, एकेक कळ दाबून, आणि दुसऱ्यांदा तोच लिहून खात्री पटवली. खातं उघडलं. उजवा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"सर!" भिंतीकडे तोंड करूनच बाई म्हणाल्या.

हात परत आला.

अर्ज कशाचा, हा प्रश्न नव्हता. वाचनकक्षाचं छप्पर गळतंय, असं ते पालिकेला अकरा वर्षं कागदावर लिहीत होते. तेच चार ओळींत लिहिलं. 'सादर करा'वर टिचकी मारली. दोनला तीन मिनिटं कमी होती. खिशातला मोबाइल वाजला: आपली तक्रार नोंदवली आहे, तक्रार क्रमांक अमुक. अकरा वर्षांत त्यांना आलेलं ते पालिकेचं पहिलं उत्तर. ग्रंथपालांनी ते दोनदा वाचलं आणि उठून नोंदवहीत दाखल करून घेतलं.

"चाळीस," बाई म्हणाल्या आणि सही केली. जाताना दारात थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "तो खण आजच्या आज रिकामा करा. आणि सर... ते बाद करण्याचे नियम मला लिहून द्याल का? कचेरीत लावून बघते."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. दालन वाचल्याचं त्यांनी सांगितलं. खातं उघडल्याचंही सांगितलं.

"पासवर्ड लक्षात राहील ना बाबा?"

"गुप्त आहे," ते म्हणाले. "त्याविषयी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या ते चार नंबरवर बसले. छपराच्या तक्रारीचं काय झालं ते बघायचं होतं. नाव टाकलं. मग बोटं हवेतच राहिली. त्यांनी छताकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, रिकाम्या खणाकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी बाण हळूच 'पासवर्ड विसरलात?' यावर नेला आणि टिचकी मारली.

"कितवी वेळ?" दारातून मावशीने विचारलं. खांद्यावर कपड्यांचं गाठोडं होतं.

"पहिली," ग्रंथपाल म्हणाले.

"नवीन आहात," मावशी म्हणाली. "होईल सवय."